मुळं आमची, फुलं काकूंची

वेली गुलाबाला तणावे नसतात. कारल्यासारखा तो स्वतःहून काही धरत नाही. लांबलचक फांद्या सोडतो आणि कुणीतरी बांधेल म्हणून वाट पाहतो. आमच्या कोथरूडच्या बंगल्यातल्या गुलाबाला बांधायचं काम बाबांनी निवृत्तीनंतर नोकरीच्या शिस्तीत केलं. फांदी सरळ उभी वाढू दिली तर फुलं शेंड्याशीच येतात. आडवी वाकवून बांधली की डोळ्याडोळ्यातून फुटवे निघतात आणि फांदीभर फुलं लागतात. आता आडवं जायचं म्हणजे कंपाउंडवरूनच जायचं. त्यामुळे मुळं, शेणखत आणि पाणीपट्टी आमच्याकडे राहिली आणि फुलं शेजारच्या काकूंच्या गॅलरीत गेली. काकू रोज सकाळी ती देवाला वाहायच्या. पुण्य कुणाच्या खात्यात जमा होतं, यावर आई-बाबांचं कधी एकमत झालं नाही.

मग बंगला रीडेव्हलपमेंटला गेला. करारात कार्पेट एरिया होता, पार्किंग होतं, मधल्या काळाचं भाडं होतं, गुलाब नव्हता. बाबांनी विचारलं, तर बिल्डर म्हणाला, ‘‘काका, टेरेसवर कुंडी देऊ की!’’ बाबांनी सहीसाठी काढलेलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. वाईच्या मामानं अंगणात जागा देऊ केली तेव्हाच ते पुन्हा बाहेर आलं.

माळीबुवांच्या अटी दोनच. पाऊस धरल्याशिवाय हात लावायचा नाही आणि झाड गुडघ्याएवढं छाटायचं. ‘‘खाली निम्मी मुळं तुटणार. वरचा पसारा पोसणार कोण?’’ या हिशेबापुढे आम्ही सगळे गप्प झालो. काकू झाल्या नाहीत. ‘‘आमच्याकडचं आमच्याकडे राहू दे. तुम्ही मुळं न्या,’’ त्या म्हणाल्या. त्या एलएलबी आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं. शेवटी छाटलेल्या फांद्यांवर त्यांचा हक्क, असा तह झाला आणि त्या फांद्या त्यांनी मोजून घेतल्या.

आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलं होतं, म्हणजे खणताना माती मुळांना धरून राहते. माळीबुवा लांबून गोल खणत आत आले. बाबा कडेला उभं राहून वनस्पतिशास्त्र सांगत होते : ‘‘गुलाबाचे हे खरे काटे नव्हेत बरं का. लिंबाचे खरे, ते फांदीचंच रूप. हे नुसते सालीवरचे. बाजूला दाबले की मोडतात.’’ माळीबुवांनी दंडावरचं रक्त पुसत मान डोलावली. मातीच्या गड्ड्याला गोणपाट गुंडाळून सुतळी आवळली आणि गुलाब टेम्पोतून निघाला. बाबा त्याच्या शेजारी बसले. पुढची सीट रिकामी होती.

वाईला मामानं खड्डा तयारच ठेवला होता, नेमका जुना गुलाब मेला होता तिथे. ‘‘गुलाबाच्या जागी गुलाब नको, धरत नाही,’’ माळीबुवा म्हणाले. मामाला हा अंगणाचा अपमान वाटला. तरी त्यानं न्हाणीघराच्या भिंतीलगत नवा खड्डा खणला आणि कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवून गुलाब बसवला. आठवड्याभरात उरलीसुरली पानं गळाली. बाबा रोज फोन करून आधी गुलाबाची, मग मामीची चौकशी करायचे; मामाच्या तब्येतीपर्यंत बॅलन्स पुरायचा नाही.

श्रावणात मामाचा फोटो आला : बुंध्यातून हातभर लांब, लसलशीत फुटवा. बाबांनी पेढे आणले. माळीबुवांनी पेढा खाल्ला, मग फोटो मोठा करून पाहिला. ‘‘हा सांध्याच्या खालून आलाय. जंगली. मुळापासून ओरबाडून काढायला सांगा, नाहीतर वरच्याला खाईल.’’ मामानं साफ नकार दिला. अख्ख्या झाडात तेवढंच एक हिरवं होतं. मग बाबांनी एसटी पकडली आणि स्वतः जाऊन ते काम केलं. मामा दोन दिवस बोलला नाही. वरच्या डोळ्यांतून पालवी फुटली तेव्हा बोलला, तेही ‘‘हे माझ्या पाण्यामुळे’’ एवढंच.

कळीचा मात्र पत्ता नव्हता. डिसेंबरात काकूंचा फोन आला. त्यांनी तहातल्या फांद्या कुंड्यांत खोचल्या होत्या आणि त्यातल्या एकीला फूल आलं होतं.

‘‘भाऊसाहेब,’’ त्या बाबांना म्हणाल्या, ‘‘तुमचा नाहीच धरला, तर संकोच करू नका. आमच्यातली एक फांदी देईन.’’