माजी? छे, मधली सुट्टी!

'माजी' झाल्यावर कसं वाटतं, हे हेमंत पाटलांना विचारायचं होतं. पण ते कळायला त्यांना धड सवड तरी कुठं मिळाली? ४ जून २०२४ ला निकाल लागला, खासदारकी संपली आणि १५ ऑक्टोबरला ते राज्यपालनियुक्त आमदार झाले. एवढ्यात आमच्याकडं सोयाबीन पेरून काढूनही होतं.

२०१४ ला नांदेड दक्षिणचे आमदार, २०१९ ला हिंगोलीचे खासदार, २०२२ ला शिंदेंसोबत. इथवर सगळं रीतसर. देशभर गाजले ते नांदेडच्या विष्णुपुरीत. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. नातेवाईक सांगत होते, औषधं बाहेरून आणायला लावतात. ३ ऑक्टोबर २०२३ ला खासदार आले आणि तडक निदान झालं: संडास घाण आहेत. होतेच, त्यात वाद नाही. त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला, कॅमेऱ्यासमोर सफाई करून घेतली. पुढं खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हाही नोंदला गेला. मुख्यमंत्री त्यांच्याच पक्षाचे होते म्हणा, पण मुंबई लांब पडते. अधिष्ठाता हाताशी होते.

ज्यांचं नाव त्या इमारतीवर आहे, त्या शंकररावांना लोक 'हेडमास्तर' म्हणायचे. त्यांनी झाडू वाटल्याचं ऐकिवात नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस पाटलांनी मराठा आरक्षणासाठी राजीनामा दिला. तो इतका कडक होता, की मार्चमध्ये हिंगोलीचं तिकीट जाहीर झालं तेव्हाही ते खासदारच होते. मग मित्रपक्षाला नाव रुचेना, तिकीट कापलं, बाबुराव कदम कोहळीकर उभे राहिले. भरपाई म्हणून पाटलांच्या पत्नी राजश्रीताईंना यवतमाळ-वाशीम मिळालं. त्यासाठी पाच वेळच्या खासदार भावना गवळी घरी बसल्या. दोन्ही जागा ठाकरेंच्या सेनेनं नेल्या. मग गवळीताई जुलैत विधान परिषदेवर, पाटील ऑक्टोबरात. हरले ते फक्त मतदार, पण त्यांना कुठं परिषदेवर घेता येतं?

राज्यपालांनी साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवेतली जाणकार माणसं नेमावीत, असं राज्यघटना सांगते. पाटील सहकारात बसतात, 'गोदावरी अर्बन' पतसंस्था आहेच. तो झाडूचा व्हिडिओ पाहिलेल्यांच्या मते कलेतही बसले असते.

आता त्यांना सभागृहात लक्षवेधी लावता येते. विष्णुपुरीच्या रुग्णालयात सफाई कामगार किती हवेत, किती आहेत, हे विचारता येईल. उत्तर द्यायला मंत्री समोरच असतात, आणि झाडू कसा हाती द्यायचा याचा अनुभव गाठीशी आहेच.