सेशनराव

सेशनराव नावाचा वाण पूर्वी फक्त खराडी-हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत आढळायचा. २०२०च्या टाळेबंदीत तो गावोगाव पसरला आणि शिरूर तालुक्यातल्या केंदुरातही चांगला रुजला. ओळखायला सोपा. घराच्या स्लॅबवर, मोबाइलला रेंज मिळते त्या एकाच कोपऱ्यात, काळ्या पडद्याकडे टक लावून बसलेला असतो. शेजाऱ्यांना वाटतं, लॅपटॉप बिघडलाय.

काहीही बंद करायचं नाही, हा त्याचा धर्म. लाइट जावो, रेंज जावो, पाहुणे येवोत, दूरच्या सर्व्हरवरचं त्याचं टीमक्स सेशन चालूच असतं. टीमक्स म्हणजे आपण सोडून गेलो (डिटॅच झालो) तरी मागं काम चालू ठेवणारा आणि परतल्यावर पुन्हा जोडून घेणारा प्रोग्रॅम. सप्ताहाच्या पंगतीत वाढायला गेला तरी ते चालूच. खालून आईची हाक येते, "अरे, ताट वाढलंय." वरून उत्तर, "आलो, डिटॅच करतो." मग कंट्रोल-बी, डी. डिटॅच करणं म्हणजे हात धुणं, अशी आईची आता पक्की समजूत आहे.

विषय निघाला की तो इतिहासात शिरतो. याच कामाचा जुना प्रोग्रॅम ग्नू स्क्रीन १९८७चा, निकोलस मॅरियटचा टीमक्स २००७चा, ओपनबीएसडीत तो आला २००९मध्ये. बहिणीच्या लग्नाची तारीख विचारा, फोनमध्ये बघून सांगतो.

पण काही बंद न करण्याचीही किंमत मोजावी लागते. दुपारी लाइट जाते, वायफाय बसतं. सेशनराव मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुन्हा लॉगिन करतो, सेशनला जोडून घेतो. सगळं जिथल्या तिथे. मग मोठ्या रुबाबात गिट पुश मारतो आणि समोर उमटतं, 'परमिशन डिनाइड'. शेजारी नवी खिडकी उघडून तोच आदेश दिला तर बिनबोभाट चालतो. सहकारी फोनवर म्हणतो, "बंद करून चालू कर की." हे वाक्य सेशनरावाला शिवीसारखं झोंबतं.

मग चहावर साय धरेपर्यंत तो कारण सांगत बसतो. लॅपटॉपवरच्या किल्ल्या सर्व्हरवर वापरू देणारा एसएसएच एजंट दर लॉगिनला नव्या सॉकेटवर बसतो. त्याचा पत्ता 'एसएसएच_ऑथ_सॉक' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असतो. आपण जोडून घेतलं की टीमक्स 'अपडेट-एन्व्हायर्नमेंट' या यादीतली व्हेरिएबल्स सेशनच्या नावे नव्यानं लिहून घेतो, 'डिस्प्ले'ही त्यातच. ती नव्या खिडक्यांना मिळतात. आधीपासून चालू असलेल्या शेलजवळ, म्हणजे आदेश घेणाऱ्या प्रोग्रॅमजवळ, मात्र जन्माच्या वेळी मिळालेली प्रतच राहते. युनिक्समध्ये १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून हेच चालत आलंय: प्रोसेसला आपल्या बापाकडून प्रत मिळते, पुढं बापानं स्वतःचं काही बदललं, तर ते पोरापर्यंत पोचत नाही.

सहकाऱ्यांना कळायला दोन मीटिंगा लागलेली ही गोष्ट आईला लगेच कळली. "म्हणजे तुझ्या लग्नाच्या बायोडाट्यासारखंच की! घरातल्या कागदावर मी पगार वाढवून लिहिला, पण पाबळच्या मामांकडं गेलेल्या झेरॉक्सवर तू अजून जुन्याच कंपनीत हायेस."

सेशनरावाकडे उपाय दोन. पहिला, बॅशच्या 'प्रॉम्प्ट_कमांड'मध्ये 'टीमक्स शो-एन्व्हायर्नमेंट -एस'चं उत्तर 'इव्हॅल' करायचं. म्हणजे दर प्रॉम्प्टच्या आधी शेल सेशनकडे चौकशी करतो, काय बदललं? पण आत व्हिम उघडा असेल तर तो उघडताना मिळालेल्या पत्त्यावरच बसून राहतो. म्हणून सॉकेटपुरता दुसरा उपाय: व्हेरिएबलमध्ये कायमचा एकच पत्ता द्यायचा, एका सिमलिंकचा, आणि लॉगिन झालं की त्या लिंकचं टोक नव्या सॉकेटकडे वळवायचं. यावर आईचा निकाल तयारच होता. "मग पगार लिहायचाच कशाला? माझा नंबर टाक. ज्याला पायजे तो इचारील."

दुसऱ्या उपायातही एक खोच आहे. दोन लॅपटॉपवरून शिरलं की लिंक शेवटी आलेल्याकडे वळते आणि तो निघून गेला की कुठंच पोचत नाही. मग सेशनराव रात्रभर त्यावरची स्क्रिप्ट लिहितो.

एवढ्या निष्ठेनं शेलचं वातावरण ताजं ठेवणारा हा माणूस स्वतः मात्र जुन्या माहितीवर चालतो. माजी सरपंचांना सरपंच म्हणून हाक मारतो. चाकणच्या बाजारातला कांद्याचा भाव म्हणून गेल्या हंगामाचा आकडा ठोकून देतो. शिक्रापूरच्या चौकातली वाहतूक कोंडी जणू घडलीच नाही अशा वेळा ठरवतो आणि पुण्याच्या मीटिंगला उशिरा पोचतो. त्याला 'काय बदललं?' विचारायला लावणारा प्रॉम्प्ट अजून कुणी लिहिलेला नाही.

तरी त्याच्याकडून एक गोष्ट घ्यावीच: चालू काम मोडायचं नाही आणि पुढचं करण्याआधी एकदा विचारून घ्यायचं. तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याचा लॅपटॉप चुकूनही बंद करू नका. फक्त बायोडाट्यावरचा नंबर लागतो ना, तेवढं बघा.