खलबत्त्यातला ट्रान्सफॉर्मर

चहाच्या पातेल्यात ट्रान्सफॉर्मर उकळताना सापडलेल्या नवऱ्याची बाजू जगात कोणी घेत नाही.

"अहो, हे काय शिजतंय?"

"ट्रान्सफॉर्मर."

हिने गॅसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ते पातेलं माझ्या नावावर करून टाकलं. आमच्या घरातल्या वाटण्या अशाच होतात, तोंडी.

ट्रान्सफॉर्मर म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर चौकातली डीपी येते, पाऊस आला की उडणारी. माझा काडेपेटीएवढा होता. मेलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेला. त्याच्या पोटात इंग्रजी 'ई'च्या आकाराचे दोन काळे तुकडे तोंडाला तोंड लावून बसलेले असतात. तो फेराइटचा कोर. तुकडे डिंकाने आणि व्हार्निशने असे घट्ट धरलेले असतात, की ओढले तर मोडतात. म्हणून दहा मिनिटं उकळायचं, फडक्यात धरायचं आणि हलक्या हाताने डोलवायचं. दुधाचा दात पाडताना डोलवतात तसं. पहिला 'ई' अलगद सुटला. दुसरा हाताला चटका देत होता, म्हणून मी तो नळाखाली धरला. टिक असा बारीक आवाज झाला आणि हातात चार तुकडे आले.

फेराइट लोखंडापासून होतं, पण लोखंडासारखं वागत नाही. लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे साधा गंज, त्यात मँगनीज आणि जस्ताचे ऑक्साइड मिसळायचे, साच्यात दाबायचं आणि तेराशे अंशांच्या आसपास भाजायचं. जातीने ते कपबशीचं भावंड, त्यामुळे फुटतंही कपबशीसारखंच. पण एक गुण असा, की चुंबकाला वाट देतं आणि विजेला अडवतं. चौकातल्या डीपीतला पोलादी पत्र्यांचा कोर सेकंदाला पन्नास हेलकाव्यांवर गुणगुणत बसतो. माझ्या काडेपेटीला हजारोंनी हेलकावे झेलायचे असतात. त्या वेगात पोलादाच्या अंगात नको तिथे वीज फिरते आणि ते तापतं. फेराइट थंड राहतं. म्हणून तर मोबाइलचा चार्जर खिशात मावतो. लॅपटॉपच्या वायरला जी गाठ आलेली दिसते, तिच्या आतही हेच असतं.

तोक्योत काटो आणि ताकेई या दोघांनी १९३० मध्ये हे शोधलं, आणि ते विकायला १९३५ मध्ये एक कंपनी निघाली, टीडीके. आमच्या पिढीने हे नाव फक्त कॅसेटवर वाचलं. त्याच टीडीकेचा कारखाना आज आमच्या सातपूरला आहे, पण तिथे होतात कपॅसिटर. फेराइटसाठी निघालेली कंपनी नाशिकपर्यंत आली, मी तिच्या गेटावरून शेकडो वेळा गेलो, आणि फेराइट शोधायला मात्र भंगारात शिरलो.

अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ च्या जानेवारीत हटवला. त्याआधीच्या माझ्या कित्येक रविवार-सकाळी तिथे गेल्या. उघड्या पोटाचे टीव्ही, त्यांच्या मानेवरचे तांब्याचे योक, रेडिओतल्या फेराइटच्या पेन्सिलीएवढ्या कांड्या. विकणाऱ्याचा डोळा फक्त तांब्यावर. काळा दगड तो वर फुकट द्यायचा आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघायचा. त्या दगडांचा डबा माझ्याकडे अजून आहे. तरीही फुटलेल्या 'ई'ची हळहळ जाईना.

आणि मग मला सुचलं. (मला काही सुचलं की घरात एक भांडं कमी होतं.) या चार तुकड्यांची पूड करावी, पूड अरल्डाइटमध्ये कालवावी आणि हव्या त्या आकाराचा कोर स्वतः ओतावा. भाजायचा प्रश्नच नव्हता. कुंभाराची भट्टी आठशे-नऊशे अंशांपर्यंत जाते, आमचा ओव्हन नानकटाईपर्यंत.

ही नणंदेकडे गेलेली पाहून लोखंडी खलबत्ता काढला. नाकाला रुमाल बांधला. फेराइट कुटताना पहिले पाच-सहा घाव गंमत वाटते, पुढे मनगट बोलू लागतं. पूड इतकी काळी, की बोटांच्या रेषांत बसली ती चार दिवस निघाली नाही. थोडी ओट्यावर सांडली, म्हणून स्पीकरचं चुंबक फिरवलं. ही आजवरची माझी सर्वांत मोठी चूक. चुंबकाला एका क्षणात भरघोस दाढी उगवली आणि ती काही केल्या भादरता येईना. चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं असतं, हे ज्ञान नंतर आलं.

दाढीवाल्या चुंबकाने एक जुनी गोष्ट मात्र आठवून दिली. लहानपणी गल्लीत कुणाचं बांधकाम निघालं, की आम्ही वाळूच्या ढिगात सुतळीला बांधलेलं चुंबक ओढत हिंडायचो. काळे कण चिकटायचे. ते औषधाच्या बाटलीत भरून ठेवायचे, कशासाठी ते विचारायचं नाही. तो मॅग्नेटाइट होता, आपल्या काळ्या पाषाणातून झिजून गोदावरीबरोबर आलेला. पांडवलेणी कोरली तोच हा पाषाण. आणि मॅग्नेटाइट म्हणजे निसर्गाने केलेलं फेराइटच, फक्त त्यातून वीज फार सहज वाहते, त्यामुळे माझ्या कामाचं नाही. म्हणजे आठव्या वर्षीही मी हेच करत होतो. तेव्हा निदान खलबत्ता लागत नव्हता.

पूड कालवली. काळ्या तिळाच्या चटणीसारखा लगदा झाला. साचा म्हणून बाटलीचं झाकण, मधल्या भोकासाठी मेणबत्तीचा तुकडा, चिकटू नये म्हणून आतून खोबरेल. दुसऱ्या दिवशी कडी सुटून आली तेव्हा, खरं सांगतो, हातावर घेऊन मी ती घरभर हिंडवली. तिच्यावर एनॅमल वायरचे तीस वेढे घातले आणि मीटर लावला. कारखान्याच्या फेराइटची असती, तर अडीच मिलिहेन्री दाखवायला हवे होते. काट्यावर आले अकरा मायक्रो. सव्वादोनशे पट कमी!

मीटरची बॅटरी बदलून पाहिली. अकराच.

जुन्या नाशकातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या मामांकडे कडी घेऊन गेलो. त्यांनी ती दिव्याखाली फिरवली.

"साहेब, तुम्ही मुंबईला कसे जाता?"

"कसारा घाटातून."

"एकशे पासष्ट किलोमीटर. रस्ता चांगला असला तरी वेळ कुठे जातो?"

"भिवंडीत."

"मग? यात कणाकणाला एक भिवंडी आहे."

हिशोब खरा आहे. चुंबकाच्या रेषांना एक मिलिमीटर हवा ओलांडणं म्हणजे फेराइटमधून दोन मीटर चालण्याइतकं जड. अरल्डाइट त्यांच्या लेखी हवाच. कण कितीही बारीक कुटा, दोन कणांमध्ये थोडं अरल्डाइट राहतंच, आणि मी तर कुटून कुटून अशा फटी लाखोंनी वाढवल्या होत्या. भट्टीत भाजताना कण एकमेकांत विरघळून सलग होतात, कोर आक्रसतो, म्हणून ते तेराशे अंश. मामांनी चहा मागवला आणि मग मुद्द्याचं बोलले. "ते चार तुकडे सुपरग्लूने नुसते चिकटवले असते, तरी तिसरा हिस्सा जोर राहिला असता. कुटलं कशाला?"

याला उत्तर नव्हतं. ते अजूनही नाही.

कडी अगदीच वाया नाही. अशा फटींच्या कोरमध्ये जास्त करंट गेला तरी तो गुदमरत नाही, म्हणून कारखानेही मुद्दाम पूड दाबून असे कोर करतात. त्या आधारावर मी ती स्वयंपाकघरातल्या एलईडी दिव्याच्या वायरीत बसवली. तो दिवा लावला की रेडिओ खरखरतो. कडी बसवल्यावर दिवा लावला, रेडिओ लावला, दोघं कान देऊन उभे राहिलो.

"कमी झाली हो जरा," ही म्हणाली.

मीटरप्रमाणे काहीही कमी झालं नव्हतं. मी मीटर खिशात घातला.

त्याच आठवड्यात भांडी बाजारात नवा खलबत्ता घ्यायला गेलो. दुकानदाराने पितळी, लोखंडी, दगडी असे चार पुढे मांडले आणि विचारलं, "ताई, कशासाठी हवाय? मसाल्याला की औषधाला?"

"मसाल्याला," ही म्हणाली. "कुलूप लावता येईल असा आहे का?"