पेपर टाकावेत की न टाकावेत : एका बैठकीचं इतिवृत्त

आपल्याकडे वैमानिक हवाई दलाचा असतो, विमान सरकारचं असतं आणि त्याच्या नोकरीचा निर्णय नातेवाइकांचा असतो. त्यामुळे आमच्या शेजारचे विंग कमांडर पेपर टाकणार, म्हणजे हवाई दल सोडणार असल्याची कुणकुण लागताच त्यांच्या विमाननगरच्या फ्लॅटवर रविवारी बैठक बसली. आम्हाला निमंत्रण नव्हतं, म्हणून आम्ही वेळेआधीच पोचलो.

बैठकीला खुद्द विंग कमांडर सोडून सगळे हजर होते. ते आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होते. बेचाळिसाव्या वर्षी.

अध्यक्षस्थानी मोठे काका. टपाल खात्यात असताना त्यांची एकदाच शिरूरला बदली झाली होती आणि तीही त्यांनी वशिल्यानं रद्द करून घेतली होती. त्यामुळे देशाच्या सीमांबद्दल ते अधिकारवाणीनं बोलतात. "वर्दी उतरवायची? पैशासाठी?" असा त्यांनी बिगुल फुंकला. काकांचा मुलगा गेली अनेक वर्षं डलासला आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही, असं काकूंनी कुणी न विचारता दोनदा सांगितलं. लोहगावच्या सुखोईंमुळे दुपारची झोप मोडते, असं पत्र याच काकांनी पेपरात छापून आणलं होतं, हेही आम्हाला आठवलं. पण चहा यायचा होता. गप्प बसलो.

"राकेश शर्मांनी सोडलं का हवाई दल?" काकांनी हुकमी एक्का टाकला.

"सोडलं," सीए असलेले धाकटे मेहुणे म्हणाले. "विंग कमांडर असतानाच. १९८७ साली एचएएलमध्ये गेले. आपल्या नाशकातच मुख्य चाचणी वैमानिक होते."

काकांनी विषय बदलून चहाचा केला.

मग मेहुण्यांनी कॅल्क्युलेटर काढला. वीस वर्षं भरली, म्हणजे पेन्शन पक्की. वर विमान कंपनीचा पगार. सैनिकी आयुष्याच्या खडतरपणासाठी सरकार अधिकाऱ्याला महिन्याला १५,५०० रुपये सैन्य सेवा वेतन देतं, ते मेहुण्यांनी स्वतःच्या गाडीच्या हप्त्याशी ताडून पाहिलं. हप्ता मोठा निघाला. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचा तर प्रश्नच मिटलेला असतो, असंही त्यांनी सांगितलं. त्यांना चौदा वर्षांनी सरकार स्वतःच निरोप देतं, तोही बिनपेन्शनचा. पैशासाठी देशसेवा सोडल्याचा ठपका मात्र त्यांच्यावरही बसतो.

अनुभवी माणसं वीस वर्षं भरताच निघून जातात, हे सरकारच्या लक्षात आलेलं नाही असं नाही. २०२० च्या अखेरीस लष्करी व्यवहार विभागानं एक जालीम उपाय सुचवला होता : जो लवकर जाईल त्याची पेन्शन कापा. वीस ते पंचवीस वर्षांत जाणाऱ्याला निम्मीच द्या. माणसं का जातात हे विचारत बसण्यापेक्षा कात्री चालवणं केव्हाही सोपं. आरडाओरडा झाला आणि प्रस्ताव बारगळला. मेहुण्यांना हा प्रस्ताव मनापासून आवडला होता, पण बहीण समोर बसलेली असल्यानं त्यांनी तो फार ताणला नाही.

बहीण म्हणजे वहिनी. घरात निर्णयाची खरी माहिती असलेली एकमेव व्यक्ती, म्हणून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "पैशाचं सोडा. हलवारा झालं, तेजपूर झालं, भूज झालं. प्रत्येक ठिकाणी मी बी.एड.चं सर्टिफिकेट घेऊन नव्या शाळेच्या दारात उभी राहिले. तेव्हा हे नाही म्हणाले सोडतो. आता टेबलावर बसवलंय, तेव्हापासून म्हणतायत."

टेबलावर म्हणजे फायलींवर. तेरा वर्षं झाली की विंग कमांडर होता येतं. त्यापुढे प्रमोशन बोर्ड असतं, आणि पदांचा सुळका जसजसा निमुळता होतो तसतसं विमान लांब जातं. खुर्ची तेवढी जवळ येते. विंग कमांडरसाहेबांच्या खुर्चीसमोर सध्या धावपट्टीच्या कडेच्या गवताची फाइल आहे. गवत वाढलं की किडे येतात, किड्यांमागे पक्षी येतात आणि पक्षी विमानाच्या इंजिनात जातात, म्हणून गवत कापायचं. काम महत्त्वाचं आहे, यात वाद नाही. पण ज्याला सुपरसॉनिक वेगानं उडायला शिकवण्यासाठी देशानं कोट्यवधी ओतले, तो गवत दर वर्षी किती सेंटिमीटर वाढतं यावर शेरे मारतोय.

"पण विमानंच नसतील तर उडवणार काय?" मेहुण्यांनी वाजवी शंका काढली.

ती खरी आहे. हवाई दलाला मंजूर लढाऊ स्क्वाड्रन ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिल्यावर उरल्या २९. १९६३ साली आलेलं विमान २०२५ साली गेलं. आपल्याकडे वैमानिक विसाव्या वर्षी निघतो, विमान बासष्टाव्या वर्षी. त्याच्या जागी येणाऱ्या तेजस मार्क-१ए चा ८३ विमानांचा करार २०२१ सालचा, पहिलं विमान मार्च २०२४ मध्ये मिळायचं होतं. ती तारीख उलटून दीड वर्ष झाल्यावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ओझरला बांधलेल्या पहिल्या विमानानं नाशिकच्या आकाशात उड्डाण केलं आणि खाली टाळ्या पडल्या. लग्नाला उशिरा आलेल्या नवरदेवाचं स्वागतही असंच वाजतगाजत होतं.

बरं, विमानं कमी म्हणून वैमानिक उरून सांडतात म्हणावं, तर तसंही नाही. 'कॅग'च्या अहवालानुसार २०१५ साली ४८६ वैमानिक कमी होते, ही तूट २०२१ च्या अखेरीस ५९६ वर गेली. दोन्ही तुटवडे मोठ्या समजुतीनं एकमेकांना झाकून घेतात.

पलीकडे काय आहे? बाल्कनीत उभं राहिलं की दिसतं. लोहगावला धावपट्टी एकच, आणि ती हवाई दलाची. सुखोई उतरतं, त्यामागून प्रवासी विमान उतरतं. देशप्रेम आणि पगार यांच्यात इथे फक्त एक टॅक्सीवे आहे. २०२३ साली एअर इंडियानं ४७० विमानांची खरेदी जाहीर केली आणि इंडिगोनं एका फटक्यात ५०० ची ऑर्डर दिली. एवढी विमानं उडवायला माणसं कुठून येणार, हे कुणी जाहीर केलं नाही. तेही टॅक्सीवेच्या पलीकडूनच येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा तरुण आला. तो विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे. रात्रभर उडून आल्यामुळे त्याला बसायला सोफ्याचा कोपरा पुरला.

"काका, इकडे मोकळं आकाश आहे असं समजू नका," तो जांभई देत म्हणाला. "कॅप्टनला सोडायचं असेल तर वर्षभर आधी नोटीस. आम्हाला सहा महिने."

"म्हणजे इथेही पेपर टाकून सुटका नाही!" मोठ्या काकांना परमानंद झाला.

तरुणानं आणखी माहिती पुरवली. जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास झाली. नोव्हेंबरपासून रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर लोक बॅगांवर झोपले आणि रात्रीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट मिळाली. वैमानिकाला झोप द्यायचं ठरलं तर देश जागा राहिला, म्हणून वैमानिकाची झोप पुढे ढकलली गेली. त्या दिवसांत मोठे काका बेंगळुरूला अडकले होते. "या वैमानिकांना शिस्त नाही," असं त्यांचं तेव्हाचं मत होतं. वर्दीतल्या वैमानिकानं देशासाठी जागावं आणि बिनवर्दीच्यानं काकांसाठी, एवढीच त्यांची अपेक्षा.

एवढ्यात विंग कमांडर पाणी प्यायला बाहेर आले. हातात रेडिओ टेलिफोनीच्या प्रश्नांची वही. वीस वर्षं रेडिओवर बोलत आलेल्या माणसाला रेडिओवर कसं बोलावं याची परीक्षा द्यावी लागते. हवामानशास्त्र, नॅव्हिगेशन, नियमांचे पेपर वेगळे. ते सुटले की टाइप रेटिंग आणि मग उजवी खुर्ची. डाव्या खुर्चीतला कॅप्टन बहुधा असा, की यांना विंग्ज मिळाल्या तेव्हा तो पहिलीत होता. लढाऊ वैमानिकाच्या खात्यात तास थोडे असतात. युद्धाच्या विमानातला एक तास आणि गोव्याच्या फेरीतला एक तास लॉगबुकात सारखाच मोजतात.

"मग काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

ठराव वाचून दाखवण्यात आला. एक, देशसेवा चालू ठेवावी. दोन, पगार विमान कंपनीचा मिळावा. तीन, पोस्टिंग पुण्यातच असावं. तिन्ही एकमतानं मंजूर.

"ना हरकत प्रमाणपत्र दिल्लीहून यायचंय," विंग कमांडर म्हणाले आणि परत अभ्यासाला गेले.

अर्ज केला म्हणून ते मिळतंच असं नाही. सेवेची गरज आहे म्हणून तो नामंजूरही होतो. गरज कसली, तर गवताच्या फायलीची. आमचं मत विचाराल, तर ते ठरावापेक्षा लहान आहे. वैमानिक धरून ठेवायचा असेल तर पेन्शन कापून, एनओसी अडवून किंवा काकांचं भाषण ऐकवून तो राहत नाही. त्याला विमान द्यावं लागतं, आणि ते उडवू द्यावं लागतं. ते जमत नसेल तर त्याला जाऊ द्या. आणि जाताना त्याच्या देशप्रेमाचा हिशेब मागणाऱ्यांनी आधी शिरूरची बदली स्वीकारून यावं.