टेरी ती तेरचीच!

दरवर्षी 25 मे रोजी जगभरचे विज्ञानकथाप्रेमी खांद्यावर टॉवेल टाकून हिंडतात. सणाचे नाव ‘टॉवेल डे’. लेखक डग्लस ॲडम्स 11 मे 2001 रोजी गेले आणि दोन आठवड्यांनी चाहत्यांनी तो पहिल्यांदा पाळला. त्यांच्या ‘हिचहायकर्स गाइड’मध्ये आकाशगंगेतल्या भटक्याला टॉवेलइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. इथवर वाद नाही. वाद नावाचा आहे.

‘टॉवेल’ फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, आपला ‘टुवाल’ पोर्तुगिजांकडून. मान्य. पण खरा टॉवेल टेरी असतो, आणि ‘टेरी’पाशी कोशकारांची भंबेरी उडते. फ्रेंच ‘तिरे’, म्हणजे ओढलेला, असे ते चाचरत सुचवतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला उतरून कोण बघणार?

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वाटाड्या-ग्रंथाचा ग्रीक लेखक सांगतो, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, तिथले साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाते. तगर म्हणजे तेर, हे संशोधक फ्लीटसाहेबांनी 1901 मध्ये मांडले. आता व्याकरण. पैठणची पैठणी, सोलापूरची सोलापुरी, मग तेरची कोण? साहेबाच्या जिभेला ‘त’ झेपत नाही, म्हणून ‘टेरी’.

आक्षेप येईल, की मलमल गुळगुळीत असते, टेरीवर सुताचे वेढे उभे असतात. पैठणपर्यंत दहा आणि पुढे भडोचपर्यंत वीस, असे तीस दिवस हादरे खाल्ल्यावर कोणते सूत जागेवर राहील? म्हणजे तो ‘ओढलेला’सुद्धा आपल्याच बाजूचा साक्षीदार. तगरचे तेर नेमके कधी झाले, असे विचारणाऱ्यांशी आम्ही बोलत नाही. नामदेवांना कच्चे ठरवणारी गोरोबाकाकांची थापटीही याच गावची. व्युत्पत्ती तिच्यापासून चार हात लांब ठेवलेली बरी.

सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तेरला साधे आभाराचे पत्र नाही. तारीखही तेरच्याच सोयीची. 25 मेच्या सुमारास रोहिण निघते, तेव्हा डोक्याला टुवाल गुंडाळल्याशिवाय मराठवाड्यात कोण बाहेर पडतो? ॲडम्सच्या कादंबरीत विश्वाच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर 42 निघते, पण प्रश्न कोणता ते कुणालाच ठाऊक नसते. तेरच्या पारावर शेंबडे पोरही सांगेल: आज ऊन किती?