क्वालिफायर: पहिलटकरांसाठी

ॲडमिशन मिळाली की पीएचडी सुरू झाली, असं घरचे समजतात. समजू द्या. इंजिनीअरिंगमध्ये आधी कोर्सवर्क, मग क्वालिफायर परीक्षा. काही ठिकाणी तिलाच कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात. नावाने फरक पडत नाही. बहुतेक आयआयटींत दोन संधी असतात, दुसरी हुकली की बॅग भरायची.

तेव्हा पवईचं हॉस्टेल सोडा आणि थोडे दिवस गावी, चिंचपाड्याला या. सोबत जाडजूड पुस्तकं आणा. ती उघडली जात नाहीत, पण आईला बरं वाटतं. पहिल्या दिवशी तीन रंगांत टाइमटेबल करा, दुसऱ्या दिवशी ते सुधारा. यात आठवडा सहज निघतो.

गावात मिशनचा दवाखाना असल्यामुळे डॉक्टर म्हणजे काय, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. ‘‘तू कधीपासून बसणार तिथे?’’ असं विचारलं तर ‘‘मी त्यातला नाही’’ एवढंच सांगा. थीसिसचा विषय काढू नका. फेलोशिपचा आकडा सांगायला हरकत नाही: महिना 37,000. त्यावर ‘‘आणि नोकरी कधी?’’ येतंच. याचं उत्तर परीक्षा घेणाऱ्या कमिटीकडेही नसतं.

संध्याकाळी स्टेशनवर जा. तापी लाइनवरचं लहानसं स्टेशन, बाकावर एखादे रिटायर गँगमन मामा भेटतात. ते विचारतील, ‘‘काय रे, इंजिनीअर ना तू? आम्ही दोन रुळांत फट ठेवायचो, उन्हात वाढतो म्हणून. आता सगळं वेल्डिंग. मग वाढलेला रूळ जातो कुठे?’’

इथे लॅपटॉप उघडून फायनाइट एलिमेंट सुरू करू नका. वही काढा. पोलाद दर अंशाला दशलक्षात 12 भाग वाढतं. 13 मीटरचा सुटा रूळ 30 अंशांनी तापला तर सुमारे 4.7 मिलिमीटर लांब होतो, फट त्यासाठी. स्लीपर आणि खडीने तोच रूळ जखडला की वाढायला जागा नाही, आत दाब साठतो. तेवढाच स्ट्रेन गुणिले 200 गिगापास्कल, झाले 72 मेगापास्कल. मीटरला 60 किलोच्या रुळाचा छेद 77 चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे 55 टनांच्या वर दाब. या हिशोबात रुळाची लांबी आलीच नाही, हे बघून ठेवा. कमिटी बोट नेमकं तिथेच ठेवते. टोकांकडचा थोडा भाग तेवढा सरकतो. म्हणून रूळ ना फार गार ना फार तापलेला असताना जखडायचा, नाहीतर मे महिन्यात तो सापासारखा वळतो.

मामा मान डोलावतील. ‘‘म्हणूनच भर उन्हात खडी उकरू देत नव्हते आम्हाला.’’ हे वाक्य लिहून घ्या. तुमच्या तिन्ही रंगांत ते नव्हतं.

तोंडी परीक्षेत थीसिसवर कोणी फारसं बोलू देत नाही. तिसऱ्या स्लाइडवर थांबवतात आणि ‘‘फ्री बॉडी डायग्राम काढा बघू’’ म्हणतात. दुसऱ्या विभागातून आलेल्या प्राध्यापकांना सर्वांत जास्त घाबरा. त्यांना तुमचा विषय येत नाही, त्यामुळे ते सेकंड इयरचं विचारतात, आणि सेकंड इयरचं तुम्हाला येत नाही. गाईडकडे बघू नका, ते चहाच्या कपात बघत असतात. अडलात तर ‘‘माहीत नाही सर, पण असं धरून चालू’’ म्हणा आणि चित्र काढायला घ्या. ‘‘इंटरेस्टिंग क्वेश्चन’’ म्हणून वेळ काढणाऱ्यांना कमिटी लगेच ओळखते. तीही कधीकाळी हेच करून पास झालेली असते.

निघताना आई गाईडसाठी नवापूरची तूरडाळ बांधून देईल. जीआय मानांकनाची डाळ आहे, नाही म्हणू नका. मात्र परीक्षेआधी ती सरांना देऊ नये, उगाच चर्चा होते. निकाल लागेपर्यंत खोलीतच ठेवा. पास झालात तर सरांकडे पोचवा. नाहीतर दुसऱ्या अटेम्प्टपर्यंत तुम्हालाच पुरेल.