फादर मर्सेन, रीत कुठे आहे?

फादर मारां मर्सेन यांस,
सा. न. वि. वि.

मी शाळेत गणित शिकवते. ‘नुसत्या उत्तराला गुण नाहीत, रीत लिहा’ हे मुलांना रोज सांगते. आज तेच तुम्हाला सांगायचंय.

१६४४ साली तुम्ही छापून मोकळे झालात, की दोनाच्या २५७ पर्यंतच्या घातांतून एक वजा केला, तर घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असतानाच मूळ संख्या मिळते. सिद्धता? एक ओळ नाही. ६७ आणि २५७ चुकले. ६१, ८९ आणि १०७ हे खरे मानकरी दाराबाहेर उभे राहिले. आणि पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला आयुष्यं पुरायची नाहीत, हेही तुम्हीच लिहून ठेवलंय! मग एकवीस अंकी संख्येला प्रमाणपत्र कशाच्या जोरावर दिलंत?

ही ती संख्या: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. दोनाचा ६७वा घात, वजा एक. १८७६ मध्ये गणितज्ञ ल्युकानं ती मूळ नाही हे सिद्ध केलं, पण अवयव हाती लागेनात. ते दिले अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोलनं, ऑक्टोबर १९०३ मध्ये, न्यूयॉर्कच्या गणितज्ञांच्या सभेत. तो फळ्यापाशी गेला, एक शब्द न बोलता गुणाकार मांडला आणि जागेवर येऊन बसला, असं सांगतात. त्यापायी त्याचे तीन वर्षांचे रविवार गेले, असंही सांगतात.

हे रविवार कशात गेले असतील, तेही बघा. या संख्येचा कोणताही अवयव १३४ च्या पटीपेक्षा एकानं जास्त असावाच लागतो. म्हणून १३५, २६९, ४०३ अशी रांग लागते. लहान अवयव निघाला १९,३७,०७,७२१. त्यातून एक वजा करून १३४ नं भागा, बरोबर १४,४५,५८० येतात. म्हणजे रांगेत इतक्या लांब तो लपला होता. कोलनं युक्तीनं रांग छाटली, तरी उरलेली हातानंच तपासायची होती. दुसरा अवयव ७,६१,८३,८२,५७,२८७.

परवा नववीच्या वर्गात आम्ही नवांची कसोटी लावली. पहिल्या अवयवातल्या अंकांची बेरीज ३७, मग १०, मग १. दुसऱ्याची ६४, तीही शेवटी १. तुमच्या संख्येची १०९, तीही १. एवढ्यानं सिद्ध काही होत नाही, हे मुलांनीच मला सांगितलं. मग वर्गातल्या दोघी मुलींनी अख्खा गुणाकार वहीच्या दोन पानांवर आडवा मांडून केला. हातचे दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जुळलं.

अशा मूळ संख्यांना जग आजही तुमचंच नाव देतं. २०२४ मध्ये सापडलेली तर ४,१०,२४,३२० अंकी आहे. मान तुम्हाला, घाम कोलचा.

वही मिटताना एकीनं विचारलं, ‘बाई, ह्यांनी छापायच्या आधी करून बघितलं नव्हतं का?’ तिला काय सांगू, तेवढं कळवा.

आपली,
एक गणिताची बाई